ओल्या कचऱ्याची गाडी आणि परत गेलेली बादली

सव्वा वर्षापूर्वी, डिसेंबरातल्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, आमच्या आळीतली पहिली बादली परत गेली. गाडीवरच्या मावशींनी झाकण उघडले तेव्हा आत बटाट्याच्या सालींवर दुधाची रिकामी पिशवी पडलेली होती आणि तिच्या आडून दाढीच्या पात्याचे एक टोक दिसत होते. मावशींनी बादली पुन्हा ओट्यावर ठेवली, झाकण लावले आणि आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "वहिनी, पिशवी आणि पातं काढून ठेवा, उद्या घेऊन जाते." घरातल्या वहिनींचा चेहरा उतरला. मी रस्त्याच्या पलीकडे वही घेऊन उभी होते आणि माझ्याही छातीत धडधडत होते, कारण त्या घराशी आमचे तीस वर्षांचे जाणेयेणे आहे. दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर बादली आली, तेव्हा तिच्यात साली, चहाचा चोथा, शेवग्याच्या शेंगांचा चोथा आणि दोरा काढून टाकलेले निर्माल्य होते. दुसरे काहीही नव्हते.

आमच्या गावातला ओल्या कचऱ्याचा खतप्रकल्प त्या दिवशी सुरू झाला, असे मी मानते. कागदोपत्री तो त्याच्या दोन वर्षे आधीच सुरू झालेला होता. कोकणातल्या आमच्या छोट्या नगरपंचायतीने तेव्हा विजेवर चालणारे एक यंत्र विकत घेतले होते आणि चोवीस तासांत कचऱ्याचे खत होते, असे सर्वांना सांगण्यात आले होते. यंत्रातून तपकिरी भुकटी बाहेर पडत असे हे खरे. पण त्या भुकटीवर पाणी पडले की दोन दिवसांत तिला पुन्हा सडक्या भाजीचा वास येई. याचे कारण सरळ आहे. तापवून आणि दळून कचरा वाळतो, कुजत नाही. कुजण्याचे काम सूक्ष्मजीव करतात आणि त्यांना काही आठवडे लागतातच. ते काम यंत्राने गाळले, तर पुढे जमिनीत ते होते आणि तिथे रोपांच्या मुळांना त्याचा त्रास होतो. शिवाय घराघरांतून येणारा कचरा मिसळलेलाच होता, त्यामुळे यंत्राच्या पात्यांत पिशव्या आणि चिंध्या अडकून ते चौथ्या महिन्यात बंद पडले. तेव्हापासून ते ताडपत्रीखाली आहे आणि त्या काळातला सगळा ओला कचरा पूर्वीप्रमाणेच खाडीकडच्या उतारावरच्या डेपोत जात राहिला. मे महिन्यात तिथे आग लागायची आणि धूर तीन-तीन दिवस गावावर रेंगाळायचा. खाली दडपलेला ओला कचरा हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो आणि असा ढीग आतून धुमसत राहतो. पावसाळ्यात त्याच उतारावरून काळे पाणी खालच्या भातखाचरांत उतरायचे. हे सर्वांना दिसत होते, आणि प्रत्येक सभेत उत्तर एकच मिळायचे की आता दुसरे, मोठे यंत्र घ्यावे लागेल.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना घेऊन आम्ही एकदा आमच्या प्रभागातला कचरा आठवडाभर तोलला होता आणि त्यातला निम्म्याहून जास्त स्वयंपाकघरातला ओला कचरा निघाला होता, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घरावर ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा वेगळा देण्याची जबाबदारी टाकली. घोषणा, भिंतीवरची चित्रे, हिरव्या-निळ्या बादल्या हे सगळे आमच्याकडेही झाले. तरीही बचत गटातल्या आम्ही चौघी घरोघरी गेलो, तेव्हा एक प्रश्न जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यावर ऐकला: "आम्ही वेगळा करू हो, पण शेवटी गाडीत सगळा एकत्रच टाकता ना?" लोकांना शिस्त नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, मला ते पटत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी दोन बादल्या एकाच गाडीत उलट्या होताना पाहिलेल्या होत्या. आपण केलेले काम समोरच्याने आपल्यादेखत मोडले, की माणूस ते पुन्हा करत नाही, आणि त्यात त्याची चूकही नसते.

म्हणून आम्ही आधी वेंगुर्ल्याला जाऊन आलो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सुमारे बारा हजार वस्तीच्या त्या गावाने, रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना, कचरा घरातच वेगळा घेण्याचा आग्रह धरला आणि जिथे पूर्वी कचरा टाकला जाई ती जागा लोकांनी तिकीट काढून पाहायला यावे अशी केली. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, प्लॅस्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात, असा सगळा व्यवहार तिथे एका आवारात चालतो. आमच्या मुकादमांना मी मुद्दाम बरोबर नेले होते. परतीच्या बसमध्ये ते बराच वेळ गप्प होते; मग म्हणाले की बाई, तिथे माशा नाहीत. तीस वर्षे डेपोवर काम केलेल्या माणसाने हे म्हणावे, यापेक्षा मोठा अहवाल मला लागला नाही. मी मात्र तिथली यंत्रे किंवा बाग पाहून भारावले नव्हते. मला दिसले ते हे, की तिथे आवारात पोचणारा कचरा आधीच स्वच्छ होता, आणि तसा तो दारातून निघाला होता म्हणूनच पुढचे सगळे शक्य झाले होते.

परत आल्यावर आम्ही नगरपंचायतीकडे नवे यंत्र मागितले नाही. तीन गोष्टी मागितल्या. पहिली म्हणजे गाडीच्या हौद्यात मधोमध पत्र्याची आडभिंत. ती गावातल्याच वेल्डिंगवाल्याने एका दिवसात बसवली, आणि ओला कचरा एका बाजूला पडतो आणि दुसरी बाजू रिकामी राहते हे लोकांना दारात उभे राहून दिसू लागले. सुका कचरा फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी, ओला रोज, असे ठरवले. दुसरी मागणी बाजारातल्या बंद पडलेल्या शेडची होती. तिसरी मागणी सर्वांत अवघड ठरली: मिसळलेला कचरा परत करण्याचा अधिकार गाडीवरच्या कामगारांना लेखी मिळावा. यावर दोन बैठका झाल्या. तक्रारी येतील, मतदार नाराज होतील, कामगार आणि नागरिक यांच्यात भांडणे होतील, असे अनेकांचे म्हणणे होते. आमचे म्हणणे इतकेच होते की मिसळलेला कचरा शेवटी कोणाच्या तरी हातांनीच वेगळा होतो. घरातल्या माणसाने दोन सेकंदांत वेगळे ठेवण्याचे पाते डेपोवरच्या बाईच्या बोटात शिरते, आणि ती बाई कोण असते, कोणत्या वस्तीतून येते, हे आपल्या गावांत सर्वांना ठाऊक असते. मुख्याधिकाऱ्यांनी अखेर आदेशावर सही केली. मावशींनी त्या आदेशाची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या काचेला आतून लावून घेतली. आजवर ती कोणाला दाखवण्याची वेळ फक्त दोनदा आली आहे.

नव्या बादल्या वाटू नका, असे मात्र आम्ही आग्रहाने सांगितले. याआधी वाटलेल्या हिरव्या बादल्यांत आमच्या गावात तांदूळ आहे, पाणी आहे, एका घरी विहिरीची दोरी आहे. घरात चांगली बादली आली की ती चांगल्या कामालाच लागणार. जुना रंगाचा डबा झाकणासकट चालतो. आत प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची नाही, वर्तमानपत्राचा कागद अंथरायचा, एवढाच नियम ठेवला.

आमच्या प्रभागात १८६ घरे आहेत. पैकी ५५ घरांना परसदार आहे, नारळी-पोफळी आहेत, काहींकडे जुनी गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डाही आहे. या घरांना आम्ही सांगितले की तुमचा ओला कचरा तुम्ही गाडीत देऊच नका. माडाच्या आळ्यात घाला, वर पातेरा, म्हणजे झाडांची सुकी पाने टाका. आजी-पणजी हेच करत होत्या आणि ते मोडून सगळ्यांचा कचरा गाडीत भरायला लावणे, म्हणजे डिझेल जाळून मातीचे धन लांब नेणे होय. गाडी खरी हवी होती ती दोन इमारतींना, चाळीला, भाड्याच्या खोल्यांना आणि खाणावळींना, म्हणजे उरलेल्या १३१ दारांना. एखाद्या गावाने हे काम हाती घेतले, तर ही विभागणी आधी करावी असे मला मनापासून वाटते. शहरांसाठी केलेली योजना गावाने जशीच्या तशी उचलली, की गावाकडे आधीच असलेली सोय वाया जाते.

आता शेडमधल्या कामाविषयी. तिथे जाळीदार विटांचे चार हौद आहेत. पहिला भरत असतो, दुसरा तापलेला असतो, तिसरा निवत असतो आणि चौथ्यातले खत चाळले जात असते. साधारण पंधरा दिवसांनी माल एका हौदातून पुढच्या हौदात जातो. तळाशी वीतभर पातेरा, त्यावर त्या दिवशीचा ओला कचरा, त्यावर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण शिंपडायचे आणि पुन्हा पातेऱ्याने झाकायचे. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) जास्त असते, पातेऱ्यात कर्ब (कार्बन) जास्त असतो, आणि दोहोंचे मिश्रण कर्बाचे पंचवीस ते तीस भाग व नत्राचा एक भाग या प्रमाणाच्या आसपास आले की सूक्ष्मजीव जोमाने वाढतात. शेणकाला हे केवळ विरजण आहे. दूध चांगले नसेल तर विरजणाने दही होत नाही, तसेच इथेही आहे. ओल किती हवी याची परीक्षा मुठीत होते: मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये.

सकाळी सातला शेडमध्ये गेले की मावशी आधी लोखंडी सळई दुसऱ्या हौदाच्या मध्यापर्यंत खुपसतात, पाच मिनिटे थांबतात आणि ती बाहेर काढून तळव्याने धरतात. सळई हातात धरवली नाही तर ढीग चांगला तापला आहे, असे त्या समजतात. आम्ही शाळेतला तापमापक नेऊन हा अंदाज पडताळून पाहिला, तेव्हा आत साठ अंशांच्या वर उष्णता होती. पंचावन्न अंश सेल्सियसच्या वर ढीग सलग काही दिवस राहिला की रोगजंतू आणि तणांचे बी मरते, म्हणून ही परीक्षा टाळता येत नाही. थंडीच्या दिवसांत ढीग उलथताना जी वाफ उठते तिच्यात पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास असतो. पहिल्यांदा तो वास आला, तेव्हा आम्ही सगळ्या जणी फावडी खाली ठेवून नुसत्या उभ्या राहिलो होतो.

ही पद्धत आमची नाही आणि नवीही नाही. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातला पाला, शेण आणि माती यांचे थर देऊन, ढीग ठरावीक दिवसांनी उलथून खत करण्याची रीत घालून दिली आणि इंदूर पद्धत म्हणून ती पुढे जगभर गेली. हॉवर्ड यांचे नाव सगळीकडे घेतले जाते. वाड यांचेही घेतले जावे म्हणून मी वर्गात ते आवर्जून सांगते.

कोकणात एक गोष्ट मात्र वेगळी सांभाळावी लागते, ती म्हणजे मासे. आमच्याकडे सोमवार, गुरुवार आणि शनिवार पुष्कळ घरांत शाकाहारी असतात. रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी बादलीत खवले, कोळंबीची सालपटे आणि बांगड्याची डोकी येतात. त्या दिवशी पातेरा दीडपट लागतो आणि माशांचा कचरा ढिगाच्या मध्यभागी, निदान हातभर आत गाडावा लागतो, नाहीतर कुत्री आणि माश्या दोन्ही येतात. मासळी बाजाराचा कचरा अजून आम्ही घेत नाही. तो घेण्याइतका पातेरा आमच्याकडे नाही.

पातेऱ्याचे महत्त्व आम्हाला गेल्या जुलैत कळले आणि ते फार महागात पडून कळले. पावसाळ्यासाठी म्हणून आम्ही ९० पोती भरून ठेवली होती आणि ती पुष्कळ झाली असे मी स्वतः सर्वांना सांगितले होते. रोज सुमारे ६५ किलो ओल्या कचऱ्याला तीन पोती लागतात. म्हणजे तो साठा एका महिन्याचा होता, आणि पाऊस चार महिने असतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पातेरा संपला. बाहेर जे काही पडलेले होते ते भिजून चिंब झालेले होते. चार-पाच दिवस आम्ही पाल्याशिवाय थर दिले आणि आठव्या दिवशी पहिल्या हौदातून आंबूस, नाकात झोंबणारा वास येऊ लागला, खालून काळे पाणी वाहू लागले, हौदाच्या कडेने अळ्या भिंतीवर चढू लागल्या. समोरच्या दुकानदारांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. शेड बंद करा, अशी मागणी सभेत झाली. त्या आठवड्यात मला रात्री झोप लागत नसे. सहा महिन्यांत लोकांनी जो विश्वास टाकला होता तो एका हिशेबाच्या चुकीने जाणार, असे वाटत होते. अखेर मुकादमांनी गावाबाहेरच्या भातगिरणीतून कोंडा आणि तूस आणले, सुतारांकडून लाकडाचा भुसा मिळाला, आणि आम्ही दहा जणांनी रविवारी सकाळी भर पावसात पहिला हौद पूर्ण रिकामा करून, भुसा मिसळून, नव्याने भरला. हवा आत गेली की वास किती लवकर जातो हे अनुभवल्याशिवाय खरे वाटत नाही. तिसऱ्या दिवशी ढीग पुन्हा तापला. तक्रार करणाऱ्या दुकानदारांपैकी दोघे पाहायला आले आणि त्यातल्या एकांनी पुठ्ठ्याची खोकी फाडून द्यायचे कबूल केले; ती अजून येतात.

तयार खताची परीक्षा घेतली ती एका शेतकऱ्याने. आमच्या शाळेतल्या शिपायांचे ते चुलते. वांगी आणि मिरची करतात. त्यांनी पोत्यात हात घातला, मूठभर खत तळहातावर पसरले आणि बोटाने अगदी सावकाश एकेक कण बाजूला सारत राहिले. मी विचारले की काका, काय पाहता? ते म्हणाले, "काच." पूर्वी एकदा त्यांनी कुठल्याशा शहरातून आलेले कचऱ्याचे खत वापरले होते आणि चिखलणीत त्यांच्या पायात काच शिरली होती. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टाचे निकष दिलेले आहेत. नव्वद टक्के खत चार मिलिमीटरच्या चाळणीतून गेले पाहिजे, कर्ब-नत्राचे प्रमाण वीसपेक्षा कमी हवे, जड धातूंना मर्यादा आहेत. त्या निकषांना उतरलेले खत नगरपालिकांना राज्य सरकारच्या हरित महासिटी कंपोस्ट या नावाखाली विकता यावे, अशी व्यवस्थाही झाली. हे सगळे आवश्यकच आहे. पण काकांच्या तळहातावर मला दिसले ते असे, की काचेचा एक तुकडा निघाला असता तर कोणत्याही प्रयोगशाळेचा दाखला त्यांनी मानला नसता, आणि तो तुकडा चाळणीने अडवण्याची गोष्ट नव्हती; तो ओट्यावरच अडवायचा होता. काच निघाली नाही. त्यांनी सहा पोती नेली आणि या हंगामात पुन्हा दहा मागितली आहेत. महिन्याला साधारण चारशे किलो खत तयार होते आणि आता ते शेडमध्ये पंधरा दिवससुद्धा राहत नाही.

काही गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. नारळाच्या करवंट्या आणि सोडणे, म्हणजे नारळाची बाहेरची साले, खतात जात नाहीत. ती वेगळी करून पाणी तापवायच्या चुलींसाठी देतो. मे महिन्यात आंब्याच्या कोयींचा डोंगर होतो आणि त्या वर्षभर कुजत नाहीत. एका इमारतीतल्या दोन घरांतून आजही डायपर ओल्या बादलीत येतात. बोलून झाले आहे, पुन्हा बोलू. गाडीवरच्या मावशींना हातमोजे आणि बूट मिळाले, पण त्या ठेकेदाराकडेच रोजंदारीवर आहेत आणि त्यांचा पगार दोनदा उशिरा झाला आहे. खताच्या विक्रीतला वाटा त्यांना थेट मिळावा, असा अर्ज आम्ही दिलेला आहे आणि प्रत्येक सभेत मी त्याविषयी विचारते.

सध्या फाल्गुन चालू आहे, काजू आणि फणसाखाली पानांचा थर पडला आहे आणि संध्याकाळी अजूनही काही आवारांतून पातेरा जाळल्याचा धूर येतो. आषाढातल्या खताची तयारी आत्ताच करावी लागते, हे कळल्यापासून तो धूर मला पाहवत नाही. नववीची मुले शनिवारी दुपारी पोती घेऊन घरोघरी जातात. काजूची पाने जाड असल्याने ती आधी काठीने ठोकून बारीक करतात. नगरपंचायतीने जूनपासून शेजारचा प्रभागही जोडायला मंजुरी दिली आहे, त्यामुळे पावसाच्या चार महिन्यांसाठी आठशे पोती लागतील. काल संध्याकाळपर्यंत गोदामात ३१० झाली आहेत.